आधी चहा घे

३ फेब्रुवारी २००४, मंगळवार. लातूर.

आज पुन्हा उलटी झाली. भाकरी थापता थापता उठले, मोरीत वाकले, तोंड धुऊन पुन्हा थापायला बसले. तव्यावरची तोवर करपली. पल्लवीला म्हणले, गॅस मोठा राहिला. नात माझी जीवशास्त्राचं पुस्तक तोंडासमोर धरून करपलेलीच खाऊन गेली. तिला सध्या भाकरी आन् पुठ्ठा यातला फरक कळत न्हाई.

आमच्या गल्लीत घरमालक सोडले तर सगळ्या आया न्हाई तर आज्या. हिंगोलीच्या, उदगीरच्या, कुठल्या कुठल्या. एकेक खोली, एकेक शेगडी, एकेक होणारा डॉक्टर. पोरं पहाटे क्लासला गेली की म्हाताऱ्या दारात बसून मेथी निवडतात आन् एकमेकींच्या नातवंडांचे मार्क विचारतात. गावाकडं सुनेच्या चुगल्या असायच्या, इथं मार्क.

मीबी मुखेडचं घर सुनेच्या हवाली करून आले. लेक बालाजी तिथं शाळेत मास्तर, सून सुनीता अंगणवाडीत. त्यांना सुट्टी न्हाई. मी रिकामी, म्हणून मी.

घास छातीखाली येऊन बसतो. दारात अडलेल्या म्हशीवाणी. पुढं जाईना, मागं फिरंना.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

नळावर पडले. घागर माझ्यावर, मी शेजारणीवर. प. क्लास सोडून धावत आली. (पल्लवी लिहायला हात दुखतो. आता प.च लिहीन.) रिक्षात घालून जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर हसणाऱ्या बाळाचा फोटू. तिथं हसणारं तेवढंच.

बालाजी सांजच्या एसटीनं आला. मग मोठे डॉक्टर आले. मी खाटेवर, बालाजी उशाशी. डॉक्टरनं बालाजीला विचारलं, "यांना जेवण जातं का?"

मी म्हणले, "न्हाई जात."

त्यानं बालाजीकडं पाह्यलं. बालाजी म्हणला, "न्हाई जात."

तवा कुठं लिहून घेतलं.

"संडासला काळं होतं का?"

मी म्हणले, "होतं."

पुन्हा बालाजीकडं. आता त्या पोराला काय ठावं. तो माझ्याकडं वळला, "आई, होतं का?"

"आत्ताच तर बोलले."

"होतं म्हणतात," बालाजी म्हणला. लिहिलं.

मी मराठीच बोलून राहिले होते. तरी दुभाषा लागला.

७ फेब्रुवारी, शनिवार.

दुर्बीण घातली. तोंडातून नळी, थेट पोटात. आधी कुणी सांगितलं न्हाई. पोरसवदा एकजण आला, घशात कडू फवारा मारला, एका बाईनं हात धरले. मी विचारलं, काय करताय. ती म्हणली, "आजी, शांत ऱ्हा." मी शांतच होते, म्हणून तर विचारू शकले.

दार उघडं. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलेलं. दारात दोन पोरं गळ्यात नळ्या अडकवून उभी, एकाच्या हातात वडापाव. लुगडं ओढायला हात मोकळा न्हाई, बोलायला तोंड मोकळं न्हाई. डोळे वटारले. वडापाववाला बाजूला झाला. डोळे अजून चालतात म्हणायचे.

नळी निघाली तवा ती बाई दुसरीला म्हणली, "तुकडा बाटलीत टाकला का?"

कसला तुकडा? माझ्याच आतला काढून घेतला आन् मलाच पत्ता न्हाई. न्हाव्याकडं गेलं तरी तो विचारतो, किती काढू.

८ फेब्रुवारी, रविवार.

शेजारच्या खाटेवर हलीमाबी. इथलीच, पिंजाऱ्याची. घरचं गादीचं दुकान. पायाला जखम, साखरेमुळं चिघळली. दिवसातून दोनदा पट्टी बदलतात, वास येतो. ती स्वतःच अत्तराचा बोळा कानात घालून बसती आन् मला म्हणती, "तुमको बी देऊं? मेरी बास तुमकू, मेरी खुशबू बी तुमकू, हिसाब बराबर."

लई बोलकी. मी विचारलं, पायाचं काय म्हणले डॉक्टर?

"मेरेकू कौन बोलता? बेटा अंदर जाता, डॉक्टर से बात करता, बाहर आता, आँखाँ पोंछता, फिर मेरे पास आके बोलता, अम्मा सब अच्छा हाय." मग थांबून म्हणली, "अच्छा हाय तो रोता क्या कू?"

आम्ही दोघी हसलो. माझं पोट दुखलं, तिचा पाय.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

बालाजी आज आत गेला होता. डॉक्टरच्या खोलीत. मला बाहेर खुर्चीवर बसवलं, पंख्याखाली. लई वेळ लागला. बाहेर आला तो सरळ माझ्याकडं न येता रस्त्यावर गेला आन् द्राक्षं घेऊन आला.

माझा लेक फळं आणणाऱ्यातला न्हाई. बाप आजारी होता तवा ह्यानं डझनभर केळी आणली आन् निम्मी वाटंतच खाल्ली. आज हिरवी द्राक्षं, धुऊन, पुड्यात.

"अल्सर हाय आई. पोटात जखम. गोळ्या घ्यायच्या. पल्लवीची परीक्षा झाली की मग एक छोटं ऑपरेशन."

"त्या तुकड्याचं काय निघालं?"

"कसला तुकडा?"

"बाटलीतला."

त्यानं द्राक्षाचा घड उचलला आन् एकेक मणी तोडून माझ्या हातावर ठेवायला लागला. लहान लेकराला देतात तसं. माझ्या डोळ्याला डोळा दिला न्हाई. अल्सरसाठी कुणी असं एकेक द्राक्ष हातावर ठेवत न्हाई.

११ फेब्रुवारी, बुधवार.

बालाजीची ही तऱ्हा मला ठावी हाय.

भूकंपाच्या साली मंगल, माझी लेक, औश्याच्या पल्याडच्या गावात नांदत होती. गणपती बुडवून लोकं झोपली आन् पहाटं जमीन हलली. मुखेडलाबी भांडी पडली. बालाजी आधी निघाला, मी दुसऱ्या दिवशी मिळंल त्या जीपमधून. मंगल जिती निघाली होती, लातूरला आणली होती, एवढं कळलं होतं. दवाखान्याच्या बाहेर माणसांचा समुद्र. बालाजी मला फाटकातच भेटला. आत जाऊ दिलं न्हाई. चहाच्या गाड्यापाशी नेलं. म्हणला, "आधी चहा घे, आई. मंगलला सोलापूरला हलवलंय."

चहा पिले. सोलापूरला गेलो. तिथं खाटामागून खाटा पाह्यल्या. डोकी बांधलेल्या बायांची तोंडं वाकून वाकून पाह्यली, दुसऱ्यांच्या लेकी उघड्या करून पाह्यल्या. बालाजीबी माझ्यासंगं हुडकत होता. हुडकायचं नाटक करत होता म्हणा. एकदा खोटं बोलला, मग त्याला खाटा मोजणं आलंच.

मंगल लातूरलाच गेली होती, मी जीपमधून उतरायच्या आधी. बाकीच्यांसंगंच जाळली. मी तिचं तोंड पाह्यलं न्हाई.

"तुला सहन झालं नसतं," म्हणला. दाढी काळीभोर होती त्याची. तवापासून रस्त्यावरचा चहा मी पीत न्हाई.

आता दाढी पांढरी व्हायला लागली. तऱ्हा तीच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

हलीमाबीला सकाळी आत नेलं. "सफाई करते बोलते," असं सांगून गेली, अत्तराची कुपी माझ्याकडं देऊन. दुपारी आणलं. झोपेत होती. चादर बघून मला कळलं. एका बाजूला चादर पायापर्यंत उभी, दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट.

तिचा लेक भिंतीकडं तोंड करून उभा. चांगलं पोरगं. मिशावाला गडी, हुंदका गिळून राहिला होता. मी म्हणले, "बाबा, आईला ठाव होतं का?"

"नै माँजी. डरती ना. इसलिए मैंच सही किया."

सांजच्याला ती शुद्धीवर आली. पाय खाजवायला हात घातला. हात गादीला लागला.

ती ओरडली न्हाई. मला वाटलं ओरडंल. नुसती चादर वर घेतली, खाली पाह्यलं, चादर सोडली. लेकाला म्हणली, "दुकान कौन देखरा? जा तू." तो गेल्यावर माझ्याकडं तोंड केलं.

"पूछते तो मैं बी बोलती, काटो. सड़ गया था, मैं क्या अंधी हूँ? मगर एक बार देख तो लेती अपना पाँव. मेहंदी का पाँव था."

मी अत्तराची कुपी तिच्या हातात दिली. तिनं घेतली न्हाई.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

सुट्टी दिली. निघताना काउंटरवर गेले. काचेमागं पोरगी, ओठ रंगवलेले. म्हणले, बाई, माझे कागद दे.

"रिपोर्ट तुमच्या मुलाला दिलेत, आजी."

"पोट कुणाचं?"

ती हसली. बाजूच्या पोराला सांगितलं, तोबी हसला. बालाजी म्हणला, "आई, चल, रिक्षा उभी हाय."

पिशवी घ्यायला खाटेपाशी आले तवा हलीमाबी म्हणली, "बाई, सरकारी में एक डॉक्टरनी हाय. मेरी भावज कू देखती. मुँह पे बोलती. जाव तुम."

१८ फेब्रुवारी, बुधवार. शिवरात्र.

उपास. मला आता रोजच हाय, देवाला वेगळा काय दाखवायचा. प.ला भगर आन् दाण्याची आमटी केली. तिची बारावीची परीक्षा आली जवळ, मग मे महिन्यात सीईटी. ती सीईटी काढली की डॉक्टरकीचा नंबर लागतो म्हणे. घरात बोलणं तेवढंच.

जेवताना मोठ्यानं पाठ करून राहिली होती, पोटाचंच. जठर, आम्ल, काय काय. मी विचारलं, "ते कुठं असतं, दाव बरं."

तिनं माझ्याच पोटावर बोट ठेवलं. बरोबर तिथंच ठेवलं, जिथं अडतं. "हे बघ आजी, इथं. तुझा अल्सर पण इथंच हाय." आन् पुढं पाठ करायला लागली.

तिला खरंच अल्सरच सांगितलाय. चेहऱ्यावरून कळलं. ही पोरगी खोटं बोलली तर कान लाल होतात. कान पांढरे होते.

म्हंजे बालाजी एकटा जाणतो. आन् डॉक्टर. आन् ते बाटलीवाले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

गोळ्यांनी काही फरक न्हाई. चोळी सैल झाली, दोन टाके मारले. शेजारची उदगीरवाली म्हणती, "इंदरबाई, बारीक झाला, चांगलं दिसून राहिलंय." म्हणले, हाव, लगीन करते आता.

प.चा पेपर चांगला गेला. दोडक्याची भाजी मागितली. वासानं मला मळमळलं, तोंडाला पदर बांधून केली. ती म्हणली, "आजी, मास्क लावलास का ऑपरेशनला?" हसले. काय करणार.

१ मार्च, सोमवार.

प.ला पेपराला धाडलं आन् तशीच त्या खाजगी दवाखान्यात गेले. एकटी. तुरीची डाळ आन् सूप पिशवीत घेतलं.

काउंटरवर तीच पोरगी. म्हणले, माझ्या कागदांची दुसरी प्रत काढ.

"मुलाला घेऊन या."

"तो मुखेडला. मी इथं हाय."

"आजी, नियम आहे."

"बरं, मग बसते." काउंटरच्या बरोबर समोर, काचेच्या दाराला तोंड करून खाली फरशीवर बसले आन् सुपात डाळ घेऊन निवडायला लागले. खडा सापडला की फरशीवर टाकायचा. येणारा जाणारा बघून राहिला. एक म्हातारा म्हणला, "बाई, इथं कामून बसलाव?" सांगितलं, "माझ्या पोटात काय हाय ते ह्यांनी कपाटात ठेवलंय. ते द्यायला वेळ लागंल म्हणतात." मग तो बसला शेजारी. त्याची बायको बसली. तिलाबी आपले कागद पाहिजे होते, तिच्या ध्यानात आलं.

एक वरचा साहेब आला, मला "माताजी" म्हणला. माताजी म्हणले की समजायचं, आता देतील. दिले. एका पाकिटात.

पाकिटातलं सगळं इंग्रजी. मी तिसरी शिकलेली, तीबी मराठी. पण हातात तर आलं.

३ मार्च, बुधवार.

सरकारी दवाखाना. लाईन लई. भिंतीला टेकून उभी राहिले, मग बसले, मग सरकत गेले.

डॉक्टरीणबाई तरुण. डोळ्याखाली काळं, माझ्यासारखंच न जेवलेली. उमरीची निघाली. म्हणले, म्हंजे आमच्याच जिल्ह्याच्या. पाकीट वाचलं. वाचता वाचता मान वर केली.

"सोबत कोण आहे?"

"मीच."

मला वाटलं आता हीबी म्हणंल, मुलाला घेऊन या. तिनं सिस्टरला पडदा ओढायला सांगितलं. बाकी माणसं बाहेर काढली. खुर्ची जवळ घेतली.

"आजी, यात काय आहे ते तुम्हाला ऐकायचं आहे का? नको असेल तर तसंही सांगा. तेही चालतं."

असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणले, "ऐकायलाच आले."

कॅन्सर. पोटात. तिनं शब्द गिळला न्हाई. कागदावर पोट काढून दावलं, प.नं दावलं होतं तसंच. म्हणली, बराच भाग काढावा लागेल. वाचाल का, किती वाचाल, ते मी छातीठोक सांगणार नाही. न काढलं तर खाणं बंद होईल, ते मात्र सांगते. मग विचारलं, "हे तर तीन आठवड्यांआधी कळलंय. तेव्हाच का नाही केलं?"

मी म्हणले, "मला अल्सर सांगितला."

तिनं पेन बंद केलं, उघडलं.

"तुमचं शरीर आहे. कळायचा हक्क तुमचा आहे. करायचं का नाही, कधी करायचं, तेही तुम्हीच सांगायचं. सही तुमची लागेल, मुलाची नाही."

हक्क म्हणलं की मला जमिनीचा वाद आठवतो. चुलत्यापुतण्यांचा, बांधाचा. पोटावरबी हक्क असतो हे पह्यल्यांदा ऐकलं. बाहेर आले आन् बाकड्यावर बसून राहिले. रडू आलं न्हाई. हलकं वाटलं, हे लिहायला लाज वाटती, पण वाटलं. अडलेल्या म्हशीचं नाव कळलं.

७ मार्च, रविवार. धुळवड.

बालाजी आला. प. मैत्रिणीकडं अभ्यासाला. बाहेर पोरं रंग खेळून राहिली होती, त्यांना तरी एक दिवस.

पाकीट त्याच्यापुढं ठेवलं. ओळखलं त्यानं. उभा होता तो खाली बसला.

"कुणी सांगितलं?"

"जिला विचारलं तिनं."

मग म्हणला, "डॉक्टर म्हणले लगेच करा. मी विचारलं, पोरीची परीक्षा हाय, थांबलं तर चालंल का. ते म्हणले, तुमचं तुम्ही ठरवा."

"तुमचं म्हंजे कुणाचं?"

त्यानं पाकीट उलटं करून ठेवलं.

"आई, तू ऑपरेशनला गेली असतीस तर हिचं वर्ष गेलं असतं. सुनीताला रजा न्हाई. कोण बघणार होतं? आन् तुला विचारलं असतं तर तू तरी काय म्हणली असतीस? थांबा म्हणली असतीस."

"हाव. थांबा म्हणले असते."

"मग?"

"मग मी थांबले असते. आता तुम्ही मला थांबवून ठेवलं."

त्याला कळलं का न्हाई काय की. रडायला लागला. पन्नाशीला टेकलेला मास्तर, धुळवडीच्या दिवशी, मांडीवर हात ठेवून. मी पाठीवर हात ठेवला न्हाई. ठेवायला पाहिजे होता कदाचित. हलीमाबीचा पाय डोळ्यापुढं होता.

जाताना म्हणला, "पल्लवीला सांगू नको. सीईटी होऊ दे. तिला सहन व्हायचं न्हाई. तुला माझी शपथ."

शपथ घालायला हे घर लई हुशार.

१४ मार्च, रविवार.

प. विचारती, "आजी, जेवली का?" मी म्हणते, तुझ्या आधी. ताटाला उगंच पाणी लावून विसळून ठेवते, खरकटं दिसाया. काल म्हणली, तुझे हात किती गार. म्हणले, भांडी घासली. डोळे का आत गेले? ऊन लागलं.

एका हप्त्यात किती बोलले मी. आन् सगळं सरळ चेहऱ्यानं. बालाजी कुणावर गेला ते कळलं.

१९ मार्च, शुक्रवार.

उमरीवालीकडं जाऊन आले. रक्त कमी हाय म्हणली. सोमवारी खाट मोकळी होईल, यायचं तर त्या दिवशी या, आधी रक्त चढवावं लागेल. पुढची खाट कधी, सांगता येत नाही. उशीर झाला तर नुसतं उघडून परत शिवावं लागतं, असंबी सांगितलं. ही बाई गोड बोलत न्हाई. तिच्यासमोर बसलं की पाठ सरळ होती.

"तुमच्याजवळ रात्रीला कोण थांबेल?"

लातुरात माझं एकच माणूस हाय. पुस्तक तोंडासमोर धरून बसलेलं.

येताना हलीमाबीच्या दुकानावरून आले. गादीवर बसली होती, कापसाच्या ढिगात, कुबडी बाजूला. मला बघून म्हणली, "बोली क्या डॉक्टरनी?" सांगितलं. तिनं हातातली सुई खाली ठेवली. "अब पोती को?" मी म्हणले, बघते. ती म्हणली, "देखना मत. बोलना."

सांगणं सोपं, म्हणले. तुझा पाय गेला, माझ्या पोरीचं वर्ष जाईल.

ती चिडली. "पाँव मेरा गया ना? मैं जी री ना? लेकिन बेटे की बात पे भरोसा गया. वो वापस नै आता." पुन्हा सुई उचलली.

२१ मार्च, रविवार. पाडवा.

खिडकीच्या गजाला गुढी बांधली. लहानशी, प.च्या नव्या ओढणीची. ती पहाटेच गेली. बारावी झाली, आता सीईटीचे क्लास, त्यांना सण न्हाई. कडुलिंब वाटून ठेवला होता, खाल्ल्याबिगर पळाली. "आल्यावर खाते आजी."

पुरण शिजवलं. वाटताना दोनदा बसले. पोळ्या लाटल्या, कडा फाटल्या थोड्या, मनगटात जोर न्हाई. तूप कढवलं. खोलीभर वास. मी खिडकीत तोंड घालून बसले.

दुपारी घरमालकिणीच्या फोनवर बालाजी. "उद्याचं काय करतीस आई? थांबतीस का सीईटीपर्यंत?" प्रश्न होता. आवाज वर जाऊन थांबला, उत्तराची वाट बघत. एवढं तरी शिकला. मी म्हणले, "ठरवून सांगते."

"आन् पल्लवीला?"

"ते तिचं हाय."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक. फोन ठेवला.

उद्या जायचं का थांबायचं, माझं मला अजून ठरंना. दोन्ही बाजूंनी भीती वाटती. खरं लिहिते. कापायची वाटती, न कापायचीबी वाटती. सही करायला पेन लागंल, प.चं एक निळं काढून ठेवलंय. नाव तेवढं नीट येतं.

पण पोरीला सांगायचं. ते ठरलं. तिला म्हणायचं, हे असं हाय, तुझी परीक्षा अशी हाय, आता बोल. रडली तर रडंल. पुस्तक फेकलं तर फेकंल. न्हाई तर म्हणंल, आजी, थांब की तेवढं. म्हणली तर ऐकून घ्यायची ताकद पाहिजे, तीबी माझ्यात हाय का बघायचं.

आली की सांगणार. पहाटपासून उपाशी असंल, सणाचं ताट हाय, आधी पोटभर जेवू दे, मग

हे लिहिलं आन् हात थांबला. फाटकापाशी बालाजीबी असंच म्हणला होता.

ताट झाकून कोनाड्यात ठेवलं, वर. कडुलिंबाची वाटी खाली घेतली, तिच्या पाटापुढं. पाडव्याला आधी तेच खातात.

जिन्यावर चप्पल वाजून राहिली.